टिनावर वाळवलेलं झाड

अक्षर वाकडं आहे, र्‍हस्व-दीर्घ मला जमत नाही, चौथीनंतर शाळा सुटली; सांभाळून घ्या. चारचौघांत तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहिते.

माहेर आंजीचं. लग्न होऊन आर्वीजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत आले, तेव्हापासून चर्चची झाडलोट माझ्याकडे. नाताळात मैदानात प्लास्टिकचं झाड उभं राहायचं, मधे लोखंडी खांब, त्याला फांद्या अडकवायच्या, आणि उंच किती, तर चर्चच्या घंटेएवढं. काय सांगू तुम्हाला, आजूबाजूच्या गावांतून सगळ्या जातीधर्माची माणसं लेकरं खांद्यावर घेऊन पाहायला यायची. लायटिंग आमच्या वस्तीतल्या याकोबभाऊंची. लोक म्हणत, झाड वस्तीचं, पण उजेड याकोबचा. नाताळ झाला की फांद्या पोत्यात भरायचं काम माझं.

एका उन्हाळ्यात त्या पोत्यांना कुबट वास आला. मी काय केलं, कुरड्या-पापड वाळवतो तशा सगळ्या फांद्या चर्चमागच्या शेडच्या टिनावर पसरल्या. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, आणि खाली तापलेलं टिन. चार वाजता चढून पाहते तर हिरवी पानं वितळून एकमेकांना चिकटलेली. तशाच भरल्या, पोत्यांची तोंडं शिवली, कोणाला बोलले नाही.

डिसेंबरात पोती उघडली. पाद्रीसाहेब म्हणाले, हे तर मागच्या वर्षीच्या लाइटच्या गरमीनं झालं. याकोबभाऊ म्हणाले, माझे बल्ब इतके तापतच नाईत, हात लावून पाहा. कोणीतरी म्हणालं, काऊन भाऊ, झाडाची भजी तळली का? सगळे हसले. मग मला विचारलं, भरताना फांद्या कशा होत्या? मी खाली पाहून म्हटलं, चिकटल्या होत्या. खोटं नव्हतं ते. मग दोष लाइटवरच ठरला; भाऊंनी नव्या फांद्यांचे बारा हजार भरले आणि पुन्हा झाडाला हात लावला नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या वयनी. रविवारी चर्चमधी उभं राहून एवढंच सांगजा."

किती रविवार ठरवून गेले, पण बाकावरून उठले की बाकाची धूळ पुसल्यासारखं करते, पुन्हा बसते. मग कापूस वेचून, सोयाबीन सोंगून पैसेच देत गेले. ते घेत. नवं झाड आता दुसरेच सजवतात, आणि भाऊ त्या बाजूने जात नाहीत.

काल शेवटचे पाचशे दिले. म्हटलं, भाऊ, आता पूर्ण फिटले. त्यांनी नोट खिशात घातली.

"हो वयनी. पैसे फिटले."