कुणाला अडचण माहीत असेल तर

मी मार्था, मसाला कुटणारी. हे पहिलं लिहा, मग बाकीचं. आमचं गाव कांदिवलीच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला. आता तुम्हाला बिल्डिंगीच दिसतील, पण त्यांच्यामधी कौलारू घरं हायत आणि नाक्यावर दगडी क्रूस हाय, तेवढं आमचं गाव. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, आम्ही कुठनं आलो नाय, बाकीची मुंबई आमच्याकडं आली. बापूस भात पिकवायचा, आवय मसाला कुटायची. शेत गेलं, मुसळ माझ्या हातात राहिलं. हे दंड बघा माझे, पोरं अजून घाबरतात.

मे महिन्यात घराघरातनं बोलावणी येतात. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, मग दोघींनी समोरासमोर उभं राहून एका उखळात मुसळं घालायची, एकीचं वर तर दुसरीचं खाली, ताल चुकला की बोटं गेली, म्हणून गाणं म्हणायचं. मसाला बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर बिघडत नाय. माझ्यासमोर उभी राहायची ती राजिन. विधवा, गरीब गाय, दोन पोरी पदरात. मोठी फिलू आणि धाकटी त्रेझा. लग्नांतली गाणीपण मीच सांगायची, मागनं बायका ओढायच्या. माझ्यासारखा आवाज चार गावांत नाय, हे मी नाय सांगत, लोक सांगतात, मी नुसती मान्य करते.

तर ही फिलू. अंधेरीला कंपनीत रेडिओचे पार्ट जोडायची. तिथल्या एका पोराच्या नादी लागली आणि एक दिवस घर सोडून गेली त्याच्याबरोबर घाटकोपरला. थोड्याच दिवसांत डोळे उघडले, परत आली. राजिननं गावात सांगितलं, पोरगी मुलुंडला मावशीकडं होती. झालं, मिटलं. पुढं मढच्या जॉनीचं स्थळ आलं. होडीवाला, सोन्यासारखा पोरगा. लग्नाआधी कुमसार करावा लागतो, म्हणजे जाळीच्या एका अंगाला गुडघ्यावर बसून आपलं पाप सांगायचं, दुसऱ्या अंगाला पाद्री ऐकतो. ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाय, मान कापली तरी नाय. त्या जाळीवर आमचा सगळा धर्म उभा हाय, समजा. फिलूनं सगळं सांगितलं. जाताना गळ्यातला क्रूस काढून खाडीत फेकला होता, तेपण सांगितलं. हे आईलापण ठाऊक नव्हतं.

ऐकणारे होते आमचे मोठे फादर, लय शिकलेले, रोमला जाऊन आलेले, पुढंमागं बिशप होणार अशी बोलवा होती. पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या ओट्यावर, उभे राहिले की माणूस पापणी हलवत नसे. आणि त्या रविवारी बिशपच्या घरातले मोठे पाहुणे देवळात पुढं बसलेले. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, लिहिताना बदलू नका. पाहुणे बघून फादरला सुरसुरी आली. शुद्धतेवर प्रवचन चाललं होतं, बोलता बोलता म्हणाले, आजकाल काय पोरी हायत, गळ्यातला क्रूस खाडीत फेकून परक्या घरात राहून येतात आणि मग लग्नात डोक्यावर पांढरा व्हेल मागतात. नाव नाय घेतलं. पण माझ्या शेजारी बसलेल्या फिलूचा हात गळ्याकडं गेला, आणि ती अशी हुंदके देऊन रडली की सगळं देऊळ मागं वळलं. आता नाव घ्यायचं काय राहिलं, सांगा.

घरी आल्यावर पोरगी माझ्या मांडीवर पडून एकच बोलत होती, मावशी, मी हे फक्त जाळीत सांगितलं होतं. माझ्या अंगाची आग झाली. तीन दिवसांत मढवरनं जॉनीच्या आईचा निरोप, जरा थांबूया. जॉनी म्हणत होता मी करीन तर हिच्याशीच, देवळातलं काय त्यानं थांबवू दिलं नाय, पण आईपुढं किती टिकणार. राजिननं तर आढ्याकडं बघायला सुरवात केली, मना भीती वाटायला लागली.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चिठ्ठ्या वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, आणि शेवटी विचारतात, या लग्नाला कुणाला अडचण माहीत असेल तर त्यानं सांगावं. कोण सांगत नाय. लहानपणी सगळं लॅटिनमधी चालायचं, तेव्हापासनं आम्हाला सवय, वरनं आलं की मान हलवायची. पण आता मिसा, म्हणजे देवळातली रविवारची प्रार्थना, मराठीत होते ना? मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर मिळणार! फिलूची शेवटची चिठ्ठी होती, तिच्याबरोबर आणखी तीन जोडपी. फादरनी विचारलं, कुणाला अडचण माहीत असेल तर. मी लुगडं सावरलं आणि उभी राहिले. म्हटलं, मना माहीत हाय.

राजिननं माझा पदर धरला, तिला वाटलं मीपण उलटले. फादरनी विचारलं, कुठल्या चिठ्ठीला अडचण? म्हटलं, सगळ्यांच्या. फिलूचं नाव मी तोंडात येऊ दिलं नाय, एवढी अक्कल मसाला कुटणारीला पण असते. म्हटलं, फादर, अडचण नवरीत नाय, नवऱ्यात नाय, अडचण जाळीत हाय. एका अंगाला गुडघ्यावर बसून सांगितलेलं दुसऱ्या अंगानं बाहेर पडलं. ती जाळी पहिली बुजवा, नायतर या गावात कुणाचं लग्न होणार नाय आणि कुणाला नीट मरणपण येणार नाय. फादर म्हणाले, मार्था, खाली बस. मी नाय बसले. मग मागनं एक म्हातारी काठी टेकून उभी राहिली, मग आणखी एक, मग सगळी बायकांची बाजू उभी. फादरचा चेहरा चुन्यासारखा झाला, मिसा कशीबशी संपवली.

त्या शनिवारी कुमसाराला एक माणूस गेला नाय. फादर आत एकटे बसून होते.

मग बिशपच्या घरातनं एक पाद्री गाडी घेऊन माझ्या दारात. गोड बोलला, चहा प्याला, म्हणाला, मार्थाबाय, गाजावाजा नको, देवळाची अब्रू असते. मी म्हटलं, देवळाला भिंती हायत, घंटा हाय, बिशप हाय, त्याची अब्रू कुठं जात नाय, पोरीला नुसतं एक तोंड हाय, ते घेऊन ती कुठं जाईल? कप बशीत ठेवून गेला.

आणि मग फादर स्वतः आले. मी आणि राजिन अंगणात मुसळं चालवत होतो, तोंडाला फडकी बांधलेली, मिरचीचा असा खकाणा उठलेला की कावळापण फिरकत नव्हता. फादर कुंपणाशी उभे, शिंका देतायत, डोळ्यांतनं पाणी वाहतंय, ते मिरचीचं होतं की आतलं ते मना शेवटपर्यंत कळलं नाय. म्हणाले, मार्था, मी चुकलो, पाहुण्यांसमोर मना मोठं दिसायचं होतं. मी म्हटलं, मना कशाला सांगता, जिचं घेतलं तिला द्या. फिलू पायरीवर लसूण सोलत होती. तो एवढा मोठा माणूस, रोमला जाऊन आलेला, तिच्यासमोर शेणानं सारवलेल्या अंगणात गुडघ्यावर बसला. आमची सगळी हयात त्यांच्यापुढं गुडघ्यावर गेली, उलटं मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, पोरी, मना पुलपिटावरनं माफी मागता येत नाय, तू काय सांगितलंस हे पुन्हा उघडं केल्यासारखं होईल. तू सांगशील ते प्रायश्चित्त घेतो.

फिलूनं लसूण खाली ठेवला. मना वाटलं आता रडते. नाय रडली. म्हणाली, फादर, तोंडानं केलंत, आता तोंड बंद ठेवून फेडा. माझं उंबराचं पाणी तुम्ही आणा.

उंबराचं पाणी म्हणजे, लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरनं वाजतगाजत नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात, बायका आणतात, पुरुष नुसते नाचतात. पाद्री तर कधीच नाय. फादर हो म्हणाले.

आणि आणलं हो! बॅण्ड पुढं, मी गातेय, आणि मधी पांढऱ्या झग्यातले मोठे फादर, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, दोन्ही हातांनी धरलेली. सवय कुठली, पाणी हिंदकळून झगा ओलाचिंब. लग्नाच्या गाण्यांत आम्ही पाहुण्यांची थट्टा करतो, मी फादरना पण सोडलं नाय, गाण्यात घातलं, पाणक्या नवा ठेवलाय गो, कळशी वाकडी धरतो गो. ते हसले नाय, पण मान खालीपण घातली नाय, सगळ्या गावाकडं बघत चालले. एक शब्द बोलले नाय. गावाला जे कळायचं ते कळलं.

मांडवात जॉनीची आई उभी होती. थांबूया म्हणणारी तीच, मढवरनं तरीच्या होडीनं वर्सोव्याला उतरून आलेली, कुणी बोलावलं नसताना. तिनं पुढं होऊन फादरच्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतली, म्हणाली, जिचं पाणी पाद्री वाहतो तिला नको म्हणणारी मी कोण. आणि फिलूला पहिला तांब्या तिनंच घातला. माझा आवाज तेव्हा फाटला, आयुष्यात एकदाच.

फादर बिशप झाले नायत. आपणहून मागून लांब डोंगराकडच्या गावी गेले. फिलूला मी विचारलं होतं, केलंस का माफ? म्हणाली, पाणी अंगावर पडलं तेव्हाच केलं मावशी, पण विसरायचं कुठं ठरलं होतं. मी दर वर्षी त्यांना मसाल्याची एक बाटली पाठवते. माणूस पडला, पण उठलापण आमच्याच अंगणातनं.

आता काय, गुडघे धरलेत, पण मुसळ सुटलं नाय. फिलू मढला सुखात हाय, दोन पोरं. गेल्या रविवारी धाकट्या त्रेझाची शेवटची चिठ्ठी वाचली. हे नवीन फादर पोरसवदा, पण गोष्ट त्यांच्या कानावर असणारच. कुणाला अडचण माहीत असेल तर, इथपर्यंत आले आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. सगळ्या देवळानं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला, जरा वेळ लावला, त्यांना जरा घाम फुटू दिला, आणि हात हलवून म्हटलं, वाचा पुढं, देव बरं करो पोरीचं.