बिनाआवाजाचं लगीन

छाया : अन् मी तुमाले आख्ख्या लॉनवर धुंडून राह्यली! नवरदेवाची माय विचारते, विहीणबाई, व्याहीबुवा दिसत नाईत? आता काय सांगू तिले, पोरीचा बाप जनरेटरले टेकून उभा हाये म्हून? नव्या कुर्त्याले ग्रीस लागलं, पहा.

ओमप्रकाश : बरं वाटते इथं.

छाया : धुरात?

ओमप्रकाश : आवाज हाये.

छाया : अजी, तुमच्यासाठीच तं सगळा आवाज बंद केला मी! फटाके नाईत, डीजे नाई. नवरदेवाकडच्यायनं हिंगणघाटवरून बँड आणला, त्यायले हात जोडून लिंबाखाली बसवलं. ढोल मांडीवर घेऊन जिलेबी खाऊन राह्यले बिचारे. वरात अशी मुक्यानं आली का त्यायच्या मावशीनं मले बाजूले घेऊन विचारलं, घरात कोणी गेलं का म्हून.

ओमप्रकाश : म्हून इतकं सुन्न हाये होय. मले वाटलं...

छाया : काय वाटलं?

ओमप्रकाश : काई नाई. तू हो समोर. येतो मी.

छाया : तुमचं ‘येतो’ मले ठाऊक हाये. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरला, सगळे चूप झाले, अन् तुमी ‘येतो’ म्हणून गेले. पंगती उठल्यावर हायवेवर सापडले, ट्रकायजवळ. आज पुतणीचं नाई जी, पोटच्या पोरीचं लगीन हाये.

आदेश : वहिनी, सापडला का माणूस? चाला लवकर. अपेक्षा अडून बसली. म्हणते, बाबा आल्याशिवाय अंतरपाट धरू देत नाई. गुरुजी घड्याळ पाहून राह्यले, अन् मामा बाह्या सरकवून तयार. म्हणे, कन्यादान मीच करून टाकतो.

छाया : तुमीच समजवा भाऊजी. दोघं एका पलटणीतले, कारगिलच्या एकाच पहाडावरून घरी आले. तुमी सुतळीबॉम्ब फुटला का पलंगाखाली जाता...

आदेश : आता फक्त टेबलापर्यंत जातो. सुधारणा हाये.

छाया : म्हून मी म्हटलं, यायलेई तेच असंन. अन् हे तं आवाजालेच चिपकून उभे!

आदेश : ओम्या, तू वहिनीले अजून सांगतलं नाई बे?

ओमप्रकाश : काय सांगू? बाईमाणसाले... थांब. कोणी बंद केला? जनरेटर कोणी बंद केला?

छाया : लाईन आली जी, म्हून त्या पोट्ट्यानं बंद केला. मायबाई, हात किती थंडे पडले तुमचे!

आदेश : वहिनी, हात सोडू नका. अन् बोलत राहा. काईबी बोला, पण चूप बसू नका.

छाया : लगीन झाल्यापासून पह्यल्यांदा मले कोणी बोलत राहा म्हणून राह्यलं! बरं, आयका जी. हिवाळ्यात फुल पंखा लावून झोपता तुमी. मी बाजूले दोन गोधड्या घेऊन कुडकुडते, अन् माहेरी सांगते, यायले गरमी होते. गावात चांगलं घर भेटत होतं, तं तुमी घेतलं हायवेले लागून. लोक म्हणे, येडा हाये फौजी. लाईन गेली का उठून बसता, सकाळलोक बसूनच राहता... अजी. थे गरमी नव्हतीच ना?

ओमप्रकाश : नाई.

आदेश : तिथं गोळे पडत होते तवा हा मस्त होता, वहिनी. गाणे म्हणे.

ओमप्रकाश : आवाज असला का समजते, कुठं पडून राह्यला. त्या दिवशी दुपारी सगळं थांबलं. एकदम. चिंधू म्हणे, झालं लेकहो, चहा ठेवा. उभा राह्यला. आळस दिला त्यानं. अन् मंग आला एक.

छाया : चिंधू म्हंजे... आर्वीच्या कमलाबाईचा पोरगा?

ओमप्रकाश : हो.

आदेश : याले त्याच्या आंधीची शांतता चिपकली, मले तो धमाका. एकाच बाजारात गेलो वहिनी, अन् दोघांनी वेगवेगळा माल आणला.

छाया : अन् मी तुमच्या मालाचं औषध यायले पाजलं! अजी, हसता काय?

ओमप्रकाश : बँडवाले... जिलेबी खाऊन राह्यले म्हणतं?

छाया : दुसरी परात चालू हाये. चाला, उठवते त्यायले. पण भाऊजी, बँड वाजला तं तुमचं काय होईन?

आदेश : दुसऱ्यानं वाजवला तं होते मले. पण माह्या डॉक्टरीणबाईनं घरी पिंप बडवाले लावलं. पह्यले हळू, मंग जोरात. आपल्याच हातात काडी असली का जिवाले आंधीच खबर असते. शेजारी शिव्या देते, पण जमते. ढोल मी वाजवतो.

ओमप्रकाश : तू? इतक्या लोकायसमोर?

आदेश : माहं सोड. तू मांडवात येतं का नाई, थे बोल.

ओमप्रकाश : ढोल अंतरपाटाजवळ पाह्यजे.

छाया : गुरुजी भडकतीन.

आदेश : भडकू द्या. सगळे चूप झाले का मी हळूच थाप देत राहीन. तेवढ्यावर निभते का ओम्या?

ओमप्रकाश : निभते. चाल. कदम मिला.

(मांडवात. अक्षता पडून गेल्या आहेत. बँड जोरात.)

छाया : पहा जी भाऊजीकडे! फेटा सुटला, घामानं डबडबले, अन् थांबत नाई माणूस. ढोलवाला मांगं मांगं फिरून राह्यला, माहा ढोल वापस द्या म्हणते.

ओमप्रकाश : हात कापून राह्यले त्याचे.

छाया : कापू द्या. तालात कापून राह्यले.

आदेश : ओम्या! केलं ना बे कन्यादान!

ओमप्रकाश : केलं!

आदेश : पुरं?

ओमप्रकाश : पुरं! मामाच्या बाह्या खाली केल्या!

आदेश : मंग नाच ना लेका!

छाया : नाचा जी, नाचा! मी गुरुजीले पाह्यलं, तेई पायानं ताल धरून राह्यले... थांबा. बायायनं अपेक्षाले घेरलं. नाव घ्याले लावून राह्यल्या. हप्ताभर आरशासमोर उखाणा पाठ करे पोरगी. आता या गोंधळात कोणाले आयकू येईन? राहू द्या, मी नंतर सांगीन तुमाले.

ओमप्रकाश : आदेश.

आदेश : काय? आणखी जोरात?

ओमप्रकाश : नाई. थांबव.

आदेश : समदं?

ओमप्रकाश : समदं.

छाया : अजी, एकदम सुन्न होईन.

ओमप्रकाश : होऊ दे. मले पोरीचा आवाज आयकाचा हाये.