आमच्या दाराच्या तीन पायऱ्या

आदरणीय अध्यक्ष महाराज, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपल्या विभागाचे अभियंता साहेब, व्यासपीठावरचे इतर मान्यवर आणि समोर बसलेले गल्लीतले माझे सगळे शेजारी,

मला बोलायची सवय नाही. रहिवासी समितीचा सचिव म्हणून इथे माझा मोठा भाऊ उभा राहायचा. त्याला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. त्याची जागा मला दिली ती मी कमी बोलतो म्हणून, असं अध्यक्षांनीच मला सांगितलं. तेव्हा थोडक्यात आटोपतो.

साहेबांनी नऊ वर्षांत आपला रस्ता चार वेळा नवा केला. प्रगती म्हणतात ती हीच. एरवी रस्ते नुसते पुढे जातात, आपला वरही गेला. आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या थरात एक गेली, दुसऱ्यात दुसरी. तिसऱ्या थराला रस्ता आणि उंबरठा एका पातळीवर आले, तेव्हा वहिनी म्हणाली, बरं झालं, माझे गुडघे दुखायचे. चौथ्या थरानंतर आम्ही घरात उतरतो. पाऊस पडला की पाणीही आमच्यामागून उतरतं. दादा गवंडी होता, घर त्याने स्वतः बांधलेलं. पण साहेबांच्या कामाच्या उरकाचा त्याला अंदाज आला नाही.

बैठकीत त्याचा प्रश्न दर वेळी एकच असायचा. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडणार का? एकदा तर तो पाणी भरलेली नळी घेऊन आला, गवंडी पातळी बघायला वापरतात ती. सगळ्यांना घराशी नेलं, नळीचं एक टोक रस्त्यावर धरलं, दुसरं वहिनीच्या ओट्यापाशी. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा मुद्दा रास्त आहे. नोंद घेतो."

साहेबांचा हा गुण मला फार आवडतो. नोंद घेतलीच जाते. इतिवृत्ताच्या वहीत हा मुद्दा अकरा वेळा आहे, सुवाच्य अक्षरात. अक्षर दादाचंच. सचिव तोच होता ना.

पण सगळं श्रेय साहेबांना देणं बरोबर नाही. खरवडायचं तर खर्च वाढतो आणि त्यातला काही वाटा रहिवाशांनी उचलायचा, हे त्यांनी आपल्याला नीट समजावलं होतं. शिवाय रस्ता तीन आठवडे जास्त बंद. मग आपण मत घेतलं. खरवडावं, या बाजूने हात वर झाले दोन, एक दादाचा आणि एक वहिनीचा. खरवडू नये म्हणून एकतीस. त्या एकतिसात माझाही होता. मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मला सर्व बाजूंनी विचार करता येतो. तीन आठवडे स्कूटर कुठे लावायची, ही बाजू मी विशेष लक्षात घेतली होती.

दादा रागावला नाही. घरी आल्यावर जिन्यापाशी थांबून म्हणाला, "तू वर राहतोस. तुझं बरोबर आहे."

बेचाळीस दिवसांपूर्वी आम्ही चौघांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढचे दोघे रस्त्यावर चढलेले, मागचे आम्ही दोघे अजून आत, आणि तो मध्ये तिरका. माझा पाय दारातच अडखळला. त्या वेळी पातळी कळायला मला नळी लागली नाही.

असो. प्रसंग आनंदाचा आहे. पाचवा थर मंजूर झालाय, न खरवडता. काम सोमवारी सुरू. ठरावावर अध्यक्षांची सही आहे, फक्त सचिवाची बाकी. ती याच मंचावर व्हावी, एक फोटो निघावा आणि साहेबांनी टेबल रिकामं करून बढतीच्या जागी जावं, असं ठरलंय. फाइल त्या पुष्पगुच्छाखाली आहे. या थराने रस्ता वहिनीच्या खिडकीला लागेल. सकाळी तिने एवढंच विचारलं, "सही आजच करायची का, भावोजी?" मी नेहमीप्रमाणे कमी बोललो.

साहेब, नव्या जागीही आपण असेच थराथराने वर जावं, ही शुभेच्छा. अध्यक्ष महाराज, आपण बोलू दिलंत आणि शेजाऱ्यांनो, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर नवखा म्हणून सोडून द्यावं. आणखी एक चूक मात्र पदरात घ्यावी लागेल. मी पेन विसरून आलोय. पुढच्या रांगेतून तीन-चार पेनं वर आलेली दिसताहेत मला. राहू द्या. ही सही दादाच्याच पेनाने व्हायला हवी आणि ते खाली, त्याच्या खोलीत आहे. तिथे उतरणं-चढणं आता अवघड झालंय. जुने थर खरवडून झाले की जाऊन घेऊन येतो.