परातीतलं पांढरं पाणी

भाऊजींचा तांब्या वेगळा ठेवा, कमळीला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका, असं माझी जाऊ हौदावर आमच्या यांच्याबद्दल हळूच कुणाला तरी म्हणाली, आणि मी मागे घागर घेऊन उभी. काय सांगू ताई तुम्हाला, ती घागर मग उचलेचना.

माझं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांमधलं, तिथं पायाखाली सदा ओल. लग्न होऊन पाचोऱ्याला आले तर इथं गारगोटीची गिरणी. गारगोटी फोडायची, दळायची, पोती रेल्वेनं काचेच्या कारखान्याला जायची. आमचे हे दळणावर होते. संध्याकाळी घरी यायचे तर भुवया पांढऱ्या, मी हसायची, म्हातारे झालात म्हणायची. हसायची मी, ताई.

माझं काम नमुन्याचं. पोत्या-पोत्यातून मूठ घ्यायची, कापडावर ढीग करायचा, तो चपटा करून भाकरीसारखे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले कालवून पुन्हा चार, असं ओंजळभर उरेपर्यंत. मग परातीत धुवायचं, वाळवायचं, पुडी बांधायची. कारखान्यात ती तपासायचे. धुतला की नमुना पांढराशुभ्र दिसतो, म्हणून मुनीमजी धुतल्याशिवाय पाठवायचेच नाहीत.

यांना खोकला लागला तो थांबेना. गिरणीचे शेठ म्हणाले, क्षय आहे, गिरणीच्या चाळीत ठेवता येणार नाही, मळ्यातल्या खोपटात न्या, पोर जावेकडे द्या. आणि माझी लेक कमळी तर बापाच्या मांडीवर बसल्याशिवाय घास घ्यायची नाही. मी धुळ्याच्या डॉक्टरांचे पाय धरले. ते आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, म्हणाले, धुळीनंही असं होतं बाई, पण तपासल्याशिवाय क्षय नाही असं कसं सांगू, गिरणीत वर साचलेली धूळ द्या, तपासायला पाठवतो.

आढ्यावरची बठ्ठी, सगळी धूळ मी झाडून घेतली. पिठाहून मऊ. डॉक्टर गिरणीच्या अंगणात बाजेवर बसलेले, गाडीची वेळ झालेली. मुनीमजी म्हणाले, धू, नेहमीसारखी. माझे हात सवयीनं चालले. मऊ धूळ सगळी पाण्यात गेली, पाणी दुधासारखं झालं आणि तळाशी राहिली चिमूटभर रेती. मुनीमजींनी तेवढीच निथळून घेतली, पुडी बांधली आणि डॉक्टरांच्या हातात नेऊन दिली. मी परातीकडे बघत बसले. जाऊ कानाशी आली, चूप ऱ्हाय वं बाई, गिरणी बंद पडनी ते बठ्ठा उपाशी मरतीन. खोटं नव्हतं ते. चार पुरुषांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

तपासात क्षय नाही, धूळच निघाली. गिरणी पुढे बंद पडली. जाऊ अजून माझ्या हातचं पाणी घेत नाही, तिचंही खरं आहे, तिची लेकरं दारोदार फिरली. हे त्याच थंडीत गेले, धुळीवर औषध नव्हतंच. पण खोपटात नाही, घरात गेले, कमळी मांडीवर होती. आता मी स्टेशनाबाहेर भाजी विकते. तुमच्या घरी सगळ्यांना छातीभर श्वास मिळो, ताई, दुसरं काय मागू.

काय बोलले म्हणून विचारता, तर मोठं काही नाही. परात दोन्ही हातांनी उचलली, सांडू न देता अंगणात नेली, डॉक्टरांपुढे ठेवली आणि म्हटलं, साहेब, पुडी ऱ्हाऊ द्या. हे पानी न्या. आमच्या यायच्या छातीत हेच हाये.