ड्रॅगन अजून ऐकतोय

...नाही, मला एक सांगा, कुऱ्हाडवाली गेली, चेटक्या गेला, चोरसुद्धा कुणीतरी पटकावला, आणि उशिरा आलो म्हणून माझ्या गळ्यात काय मारलं, तर कथेकरी! आमचा रविवारचा खेळ हो, कुओपिओ गावच्या वाचनालयात, मागच्या खोलीत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने कागदावरचं एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि राक्षस मारायचे. आता उशीर का झाला? तर जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली की तो खाली उतरेपर्यंत मी दाराआड थांबतो, कोण बोलत बसणार? त्या दिवशी तोही माझी चाहूल लागून त्याच्या दाराआड उभा... त्यात बस गेली आणि मी तीन वर्षांसाठी कथेकरी झालो. तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही!

तरी निभावलं. फासा टाकायचा, म्हणायचं, "मी गोष्ट सांगतो." झालं! राइली म्हणायची, "बरं, सांगितलीस." ही राइली वाचनालयातलीच, खेळ तीच चालवते, खानावळवालीपासून ड्रॅगनपर्यंत सगळे आवाज तिचेच. पण गेल्या महिन्यात गुहेत तो ड्रॅगन निघाला ना... आमच्यातल्या वेइक्कोचा चेटक्या आधीच आडवा, आणि माझी बायको हेल्का, तिची कुऱ्हाडवाली, तीन वर्षं लेकीसारखी वाढवलेली हो, तिच्या कागदावर जीव उरला होता एक. एक आकडा! राइली घोगऱ्या आवाजात म्हणते, "कथेकरी, गोष्ट सांग. चालू आहे तोवर मी डोळे मिटून ऐकीन. संपली की हिला खाईन."

मी फासा उचलला.

"फासा ठेव खाली, टाउनो. या वेळी खरंच सांग. तोंडाने," राइली म्हणाली.

तोंडाने? मी मुळात बोलणारा माणूस नाही, हे कुणी सांगायचं हिला? मीच ना? हेल्काने माझ्याकडे पाहिलं. असं तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, लग्नात, पाद्र्याने मला प्रश्न विचारला आणि माझं उत्तर यायचं होतं तेव्हा. "टाउनो," ती हळूच म्हणाली, "तिला मारू नकोस रे."

मी म्हटलं, "एक म्हातारा होता. तळं गोठलं होतं. त्याने बर्फाला भोक पाडलं, गळ टाकला आणि बसला..."

पुढे? पुढे काही सुचेना! डोकं रिकामं, मी गप्प. आता तुम्ही असता तर खाकरला असता, "मग?" म्हणाला असता. आमच्याकडे गप्प माणसाला मधेच तोडत नाहीत, वाईट दिसतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वेइक्कोने आवाज न करता माझा कप भरला. दालचिनीचा पाव त्याच्या तोंडात तसाच, चावेना बिचारा. राइली डोळे मिटून. हेल्काने टेबलाखाली माझा हात धरलेला. चाळीस मिनिटांनी वाचनालय बंद व्हायची घंटा झाली, तेव्हा वेइक्को डोळे पुसत म्हणाला, "माझे वडील अगदी असेच बसायचे तळ्यावर." आणि राइली म्हणाली, "अशी गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. ड्रॅगन अजून ऐकतोय."

वाचली! बसमध्ये हेल्काने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, चारचौघांत. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आणि घात तिथेच झाला. त्याच बसमध्ये मला पुढचं सुचलं! गळाला काय लागलं, ते वर आल्यावर म्हाताऱ्याला काय म्हणालं, म्हातारीने घरी काय ऐकवलं... सगळं! पुढच्या रविवारी मी वेळेवर निघालो, जिन्यात शेजाऱ्याला नमस्कार केला, तो भिंतीला चिकटला, पोचलो, तोंड उघडलं, तर वेइक्को म्हणतो, "शूऽऽ!"

राइली म्हणते, "पुढे सांगितलीस तर कधीतरी संपेल. आणि संपली की..."

आणि हेल्का? माझी हेल्का? "टाउनो, तू किती छान गप्प बसतोस रे. तसाच बस."

चार रविवार झाले! ते खजिना उपसतायत आणि मी ड्रॅगनशेजारी तोंड मिटून बसलोय. म्हणून म्हटलं, तुम्हाला तरी सांगावं. तर ऐका, म्हाताऱ्याच्या गळाला हिसका बसला, त्याने ओढलं, आणि बर्फातून वर आलं ते...

हेल्का आली वाटतं.

काही नाही गं. मी मुळात बोलणारा माणूस नाही.