काकांच्या वायरीवर पहारा

धाकटी : ताई, काकांना खोली सोडायला सांगायच्या आधी कॉम्प्युटरच्या वायरी जोडणारी ही पेटी तरी तपासू दे.

थोरली : तपासायचं काय त्यात? माझ्याकडे मन मोकळं करायला आलेल्या बाईची गोष्ट आठवड्यात गावभर झाली. तिची फाइल माझ्या कॉम्प्युटरवरून आतल्या कॉम्प्युटरला गेली ती याच पेटीतून. काकांच्या छापखान्याची वायरही हिच्यातच.

काका : बाई, मी स्वतः छापलेलं वाचत नाही, तुमच्या फायली कुठे वाचू!

धाकटी : ऐका. पेटी हब असेल तर एकाला पाठवलेलं सगळ्यांच्या दारात टाकते. स्विच असेल तर ज्याचं त्यालाच. लेबल गेलंय, म्हणून करूनच बघायचं. वायरीवर आलेलं सगळं दाखवणारा प्रोग्रॅम लावून मी काकांच्या कॉम्प्युटरवर पहारा देत बसते. तू तुझ्या खोलीतून आतल्या कॉम्प्युटरला कसलीही फाइल पाठव.

(थोरली आपल्या खोलीत जाते. ती खोली आणि छापखाना यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत.)

थोरली : पाठवली!

काका : अगं, इथे काहीतरी उमटलं की!

थोरली : बघ! सांगत होते ना?

धाकटी : दम धर. ही फाइल नाही, नुसती हाक आहे, ‘अमका कॉम्प्युटर कुठाय?’ अशी. पेटी कुठलीही असो, हाक सगळ्यांनाच जाते. पुन्हा पाठव. मोठी.

थोरली : गेली.

धाकटी : इकडे चिटपाखरू नाही. आता मुद्दाम काकांनाच पाठव. पहारा जागा आहे ना, बघू.

थोरली : पाठवली.

धाकटी : आली, अख्खी! म्हणजे पहारा जागा आहे. स्विचच आहे, ताई. तुझ्या फायली या वायरीवर येतच नाहीत.

थोरली : अरे देवा... आता काकांना कुठल्या तोंडानं...

काका : आहे त्याच तोंडानं या, बाई. चहा टाकतो.

धाकटी : ताई, हे तू मोठ्यानं बोललीस?

थोरली : छे, पुटपुटले नुसती. काका, तुम्हाला एवढं ऐकू येतं?

काका : सगळंच येतं. म्हणून तर तुमच्याकडे कुणी आलं की मी मशीन सुरू करतो. काम नसलं तरी.

थोरली : मग आधी का नाही बोललात?

काका : काय बोलू? ऐकलं, असं सांगू?

थोरली : आणि त्या बाईच्या दिवशी?

काका : त्या दिवशी लाइट नव्हती, बाई. आणि इथे माझ्या बाकावर गिऱ्हाइकं बसली होती.