अर्धी चीज

मंडळी, ऐका! जपून ठेवणं आणि अडवून ठेवणं, यात फरक काय? सोपं वाटतं? मग सांगा! — नाही ना? नरहरपंतांनाच विचारू.

नरहरपंत मिरजेचे. नाद एकच — चिजा बांधणाऱ्या जुन्या गवयांच्या हातची पत्रं आणि वस्तू जमवायच्या! कुणाचं पत्र, कुणाची तपकिरीची डबी. सगळं कपाटात, किल्ली जानव्याला! बायको म्हणायची, "त्यांना एवढं जपता, मला एकदा तरी—" जाऊ द्या, तो विषय घरोघरी आहे!

त्यांचं रत्न म्हणजे गोपाळबुवांचं पत्र. बुवांचे दोन शिष्य भांडले, बोलेनासे झाले. बुवा वस्ताद! शेवटची चीज बांधली. अस्ताई, म्हणजे पहिला अर्धा भाग, पाठवला थोरल्याला, आणि पुढचा अंतरा धाकट्या द्वारकाबाईंना. दोन्हींखाली लिहिलं, "उरलेले एकमेकांकडून घ्यावे." थोरला हट्टी! बाईंकडे गेला नाही — देवाघरी गेला! त्याचं पत्र आलं पंतांच्या कपाटात.

आता पंतांना जोडी पुरी करायची. आपलं पत्र पिशवीत घालून पोचले सांगवड्याला. द्वारकाबाई ऐंशीच्या.

"बुवांचं पत्र आहे?"

"आहे की. देवघरात."

पंत धावले — आणि मटकन खाली बसले! बाईंनी दर दसऱ्याला गंधफूल वाहून पुजलेलं! शाई धुऊन गेलेली, उरला पिवळा कागद.

"अहो बाई, नासवलंत!"

बाईंनी डोळे मिटले, अख्खा अंतरा गायला. एक अक्षर चुकलं नाही!

"माझं जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "अस्ताई तेवढी मिळाली नाही. दादाला चारदा निरोप धाडले. अस्ताईवाचून अंतऱ्यानं परतायचं कुठं, पंत? त्याची पत्रं कुणी नेली, ठाऊक आहे का?"

आता बघा! पिशवी पंतांच्या मांडीवर! मनात काय? — दाखवलं की बाई गातील, त्यांच्या शिष्या गातील, गावभर होईल. मग माझं एकट्याचं काय उरलं? "नाही" ओठांवर आलं होतं, मंडळी! पण समोर तो पुसलेला कागद दिसत होता. मग पिशवीत हात घातला.

बाईंना दिसेना. "तुम्हीच वाचा." पंत बोल आणि स्वर वाचत गेले, बाई गळ्यात बसवत गेल्या. अंतरा संपला, अस्ताईवर परतल्या — आयुष्यात पहिल्यांदा! पंत मुलासारखे रडले. लाज वाटली त्यांना, आणि आनंदही झाला.

डोलवा, माना डोलवा! पण भावाचं, जावेचं, शेजाऱ्याचं काही अर्धं तुमच्याकडे अडकलंय का? एखादा निरोप? एखादं "चुकलं माझं"? मी चिपळ्या खाली ठेवतो. तुम्ही घरी जाताना वाट जरा वाकडी करा. समोरचं माणूस म्हातारं झालंय.